बियाण्याच्या गावाला जायचे आहे



परदेश पाहून आलेल्या माणसांचे लेख तुम्ही पुष्कळ वाचले असतील. हा लेख अजून न गेलेल्या माणसाचा आहे. खरे म्हणजे मी एकदा जाऊन आलो आहे, पण ते जाणे जमेस धरू नये असे माझे मलाच वाटते. का, ते आधी सांगून टाकतो.

२०१४ साली आमच्या भागातल्या काही शेतकऱ्यांबरोबर मी हॉलंडला गेलो होतो. नकाशावर या देशाचे नाव नेदरलँड्स, पण आपल्याकडे हॉलंडच म्हणतात. आठ दिवसांत तीन देश, त्यातले हॉलंडच्या वाट्याला दोन. यात्रा कंपनीच्या माणसाने आम्हाला अ‍ॅमस्टरडॅम या राजधानीच्या शहरात उतरविले, काचेच्या होडीतून कालव्यांत फिरविले, पवनचक्की दाखविली, लाकडी बूट कसे कोरतात ते दाखविले आणि मग हिऱ्यांच्या दुकानात नेऊन तासभर बसविले. एका पहाटे फुलांचा लिलाव वरच्या सज्जातून पाहिला. खाली फुलांच्या गाड्या मुंग्यांसारख्या धावत होत्या. काय चालले आहे हे विचारायला सवड नव्हती, बस सुटणार होती.

परत आल्यावर मी अहवाल लिहिला. "तेथील शेती अत्यंत प्रगत असून आपल्या शेतकऱ्यांनी त्यापासून बोध घ्यावा." हे वाक्य चिखलीच्या बसस्टँडवर चहा पिता पितासुद्धा लिहिता आले असते. ते लिहिताना मला लाज वाटली नाही. लाज वाटली ती पुष्कळ वर्षांनी, आणि ती एका बाईने आणली.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिणेकडे, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा तालुक्यांत, भाजीपाल्याच्या बियाण्याचे शेडनेट किती झाले आहेत ते तुम्ही पाहिलेच असेल. ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दहा गुंठ्यांवर जाळी उभारायची, कंपनीने दिलेली नराची आणि मादीची झाडे लावायची. मिरची किंवा टमाट्याची मादीची कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्याने हलकेच उघडायची, तिच्यातले पुंकेसर काढून टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराचे पराग तिला लावायचे. ओळख राहावी म्हणून दोरा बांधायचा किंवा कळीची हिरवी पाकळी खुडायची. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. एका झाडावर अशा कितीतरी कळ्या, आणि झाडे हजारांनी. हे काम पुरुषाच्या बोटांना फारसे जमत नाही. जाळीत जाऊन पाहा, कळीवर वाकलेल्या सगळ्या बायाच दिसतील.

अशाच एका जाळीत दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. पंचेचाळिशीची बाई, हात कळीवर, नजर कळीवर. माझ्याकडे न पाहताच तिने विचारले, "साहेब, तुम्ही तं हॉलंडला जाऊन आले म्हणतेत. मंग हे नरमादीचं बी जिथून येतं ते गाव पाह्यलं असन तुम्ही?"

मी म्हणालो, "ताई, मी अ‍ॅमस्टरडॅम पाहिले."

"तिथं व्हते का हे बी?"

"नाही, तिथे नाही."

"मंग कशाला गेले व्हते?"

शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो. पण त्या रात्री जेवण झाल्यावर मुलाचा संगणक मागून घेतला आणि नकाशा काढून बसलो.

आता त्या गावाचे सांगतो. अ‍ॅमस्टरडॅमहून उत्तरेकडे आगगाडीने तासाभराच्या वाटेवर एन्कहाउझेन नावाचे लहानसे गाव आहे. रूळ तिथेच संपतात. पुढे पाणी. या गावाच्या आजूबाजूचा सगळा टापू आज भाजीपाल्याच्या बियाण्यासाठी जगात ओळखला जातो. तिथून जवळच्या आन्डाइक गावात १८६७ साली दोन शेतकऱ्यांनी बियाण्याचा व्यापार सुरू केला. तेव्हापासून हा धंदा तिथे वाढतच गेला. आज त्या टापूत ज्या कंपन्यांची मूळ घरे आहेत त्यांतल्या काहींचे काम आपल्या देशातही चालते. आमच्या भागातले सगळेच बी तिकडे जाते असे समजू नका, पुष्कळसे आपल्याच देशात विकले जाते. पण नर कोणता, मादी कोणती, त्यांचे लग्न कुणाशी लावायचे, हे ठरविणारी माणसे ज्या गावांत बसतात, त्यांतले हे एक मोठे गाव.

आणखी एक गंमत सांगतो. चारशेहून जास्त वर्षांपूर्वी याच एन्कहाउझेनला वाढलेला यान हायगेन व्हॅन लिन्सखोटेन नावाचा तरुण १५८३ साली आपल्या गोव्यात आला. तिथल्या आर्चबिशपकडे तो चिटणीस होता. पाच-सहा वर्षे राहिला आणि माणसे, बाजार, आंबा, फणस, नारळ, विड्याची पाने, जे दिसेल ते टिपून घेतले. १५९६ साली त्याचे पुस्तक छापून निघाले. त्याने टिपून नेलेल्या माहितीच्या आधारे डच लोकांची गलबते पूर्वेकडे निघाली. आपला देश पाहून गेलेल्या त्या गावच्या माणसाने वहीभर लिहून नेले, आणि मी त्याच्या देशातून की-चेन घेऊन आलो.

तेव्हा यंदा ठरविले आहे की पुन्हा जायचे, स्वतःच्या खर्चाने, आणि राजधानी सोडून पुढे. आम्ही आठ जण आहोत. मी, आमच्या सौ., आणि शेतकरी सहा. त्यांत तीन बाया आहेत. ही बेरीज सोपी झाली नाही. त्याची हकीकत पुढे येईल.

आधी बेत सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणाला जायचे असेल तर तो उपयोगी पडेल. हा देश केवढा, तर आपल्या बुलढाण्यासारखे चार जिल्हे जोडले की त्याहून थोडा मोठा. तरी शेतमालाच्या निर्यातीत त्याचे नाव जगात अगदी वर घेतले जाते. देश लहान असल्याचा फायदा असा की एका गावी मुक्काम ठेवून भोवतालचे सगळे पाहून रात्री परतता येते. म्हणून आम्ही अ‍ॅमस्टरडॅमला अर्धाच दिवस ठेवला आहे. शहर वाईट नाही, कालवे पाहण्यासारखे आहेत, पण तिथल्या एका रात्रीच्या भाड्यात लहान गावात बरेच स्वस्त भागते. पाच रात्री एन्कहाउझेनला आणि दोन रात्री वॅगेनिंगेनला. तिथे त्यांचे शेतीचे विद्यापीठ आहे. १८७६ साली शेतकी शाळा म्हणून सुरू झाले. मी अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा पदवीधर, म्हणून हा मुक्काम माझ्या हौसेचा आहे, हे कबूल करतो.

दिवस कोणते निवडले? मे महिन्याचा दुसरा पंधरवडा. यात्रा कंपन्या तुम्हाला एप्रिलात नेतील, ट्यूलिपची फुले दाखवायला. त्यात मोठी मौज आहे, पण एक गोष्ट ते सांगत नाहीत. शेतात फूल उमलले की ते जातिवंत आहे का, रोगट आहे का, एवढे पाहून डच शेतकरी त्याचे मुंडके छाटून टाकतो. त्याचे पीक फूल नव्हे, जमिनीतला कंद आहे. फूल ठेवले तर कंद पोसत नाही. मे अखेरीस गेलो तर आम्हाला बिनफुलांची हिरवी शेते दिसतील. यात्रेकरूला ती पाहून वाईट वाटेल, शेतकऱ्याला वाटू नये. शिवाय आमच्या जाळ्या त्या दिवसांत रिकाम्या असतात, लग्नसराई ओसरत आलेली असते आणि मृगाच्या आत घरी पोचता येते. तिकडे दिवसही तेव्हा मोठा असतो, रात्री नऊपर्यंत उजेड.

एन्कहाउझेनहून जवळ ब्रूक ऑप लांगेडाइक नावाचे खेडे आहे. नाव उच्चारायला कठीण, पण लक्षात ठेवण्यासारखे. तिथले भाजीवाले शेतकरी होड्यांतून माल आणीत आणि व्यापारी काठावर उभे राहून एकेकाला गाठून भाव पाडीत. आपल्याकडे हे काही नवीन नाही. १८८७ साली तिथे एका शेतकऱ्याच्या फुलकोबीचा उघड लिलाव झाला. तिथल्या भाजीपाल्याच्या लिलावाची सुरुवात त्या दिवसापासून मानतात. पुढे पाण्यावरच लिलावाची इमारत बांधली. होडी एका दाराने आत यायची, माल व्यापाऱ्यांच्या समोरून जायचा, दुसऱ्या दाराने बाहेर पडायची. तो बाजार १९७३ साली बंद झाला, पण इमारत जपली आहे आणि आलेल्या माणसाला तिथे बसून बोली लावता येते. त्यांची रीत आपल्या उलट आहे. भाव वरून सुरू होतो आणि घड्याळाच्या काट्यासारखा खाली खाली येतो. जो आधी बटण दाबेल त्याचा माल. थांबलात तर स्वस्त मिळेल, पण दुसरा घेऊन जाईल. आमच्यातल्या एका भाऊंनी चिखलीच्या बाजार समितीत आयुष्य घालविले आहे. ते म्हणतात, मला त्या बटणापाशी बसवा, मग पाहतो.

तिसरा बेत पोल्डरचा. पोल्डर म्हणजे बांध घालून पाणी उपसून काढलेली जमीन. १९३२ साली बत्तीस किलोमीटर लांबीचा बांध घालून त्यांनी समुद्राचा एक मोठा हिस्सा तोडला. आतले खारे पाणी हळूहळू गोडे झाले. एन्कहाउझेनच्या समुद्रातल्या मासेमारीचे दिवस तेव्हापासून संपत गेले, हेही विसरता कामा नये. मग त्या तळ्यातले पाणी उपसून शेते काढली. नोर्डओस्टपोल्डर हा असा एक भाग १९४२ साली कोरडा झाला. त्यात स्कोकलँड नावाचे जुने बेट आहे, ते आता चहूबाजूंनी शेतांत उभे आहे. खडकपूर्णा धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना मी हे सांगितले तेव्हा एक म्हातारे म्हणाले, "आमची शेती पाण्यात गेली, त्यांची पाण्यातून निघाली."

या नव्या जमिनी सरकारने कुणालाही दिल्या नाहीत. अर्ज घेतले, मुलाखती घेतल्या, आणि तपासनीस अर्जदाराच्या घरी जाऊन आले. घर कसे ठेवले आहे, बायको कशी आहे, हे पाहिल्याशिवाय जमीन मिळत नसे. आज ऐकायला हे चमत्कारिक वाटते, आणि बाईची अशी तपासणी मला पसंतही नाही. पण शेत दोघांवर चालते, एवढे तरी त्या तपासनिसांना ठाऊक होते. आपल्याकडच्या अर्जात तिचे नावच येत नाही.

इथे आता बेरजेची हकीकत सांगितली पाहिजे. शेतकऱ्यांना परदेशी अभ्यासदौऱ्यावर पाठविण्याची शासनाची योजना आहे. खर्चाचा काही भाग अनुदान म्हणून मिळतो. मर्यादा वेळोवेळी बदलते, तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे विचारावी. पण अर्जाला सातबारा आणि आठ-अ अर्जदाराच्या स्वतःच्या नावाचा लागतो. मला प्रश्न विचारणाऱ्या ताईंच्या नावावर एक गुंठाही नाही. सगळे मालकांच्या नावावर. आधी त्यांच्या मालकांनीच योजनेचा अर्ज आणला होता. म्हणाले, "सातबारा माझा, जाणार बी मीच." ताई काही बोलल्या नाहीत, भाकरी थापत राहिल्या. बोलल्या त्या त्यांच्या सासूबाई, ऐंशीच्या घरातल्या. म्हणाल्या, "तुला फुलातलं काय कळतं रे? तू तं जाळीत निस्ता फवारा माराया जातो."

भाऊ रागावून उठून गेले. मला वाटले बेत मोडला. पंधरा दिवसांनी त्यांनीच फोन केला. दोघांचा खर्च झेपत नाही, तर यंदा तिला न्या, असे म्हणाले. आवाजात अजून नाराजी होती, आणि ती अजून पुरती गेलेली नाही. म्हैस कोण पिळणार, हा प्रश्न दर भेटीला निघतो. त्यांना मी आणखी एक गोष्ट सुचविली आहे. बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची मोहीम शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती म्हणून चालविली होती. १९९२ साली शासनानेही त्याच नावाची योजना काढली. नवऱ्याने अर्ज करायचा असतो. भाऊंनी ऐकून घेतले आणि विषय बदलला.

खर्चाचा अंदाज माणशी सव्वादोन लाखांचा निघाला आहे. ताईंच्या हिश्शाची थोडी रक्कम बचत गटातून आली. उरलेली बियाण्याच्या पैशांतून यायची आहे. आणि तिथेच घोडे अडले आहे. बी कंपनीला दिले म्हणजे पैसे मिळाले असे नसते. त्याची शुद्धता तपासतात, नमुना पेरून झाडे वाढवून पाहतात, आमच्याकडे त्याला जीओटी म्हणतात. निकालाला दोन-तीन महिने लागतात. नापास झाले तर हंगामाची मेहनत मातीत. नमुना कुणासमोर काढला, कुठे पेरला, झाडे कुणी मोजली, हे शेतकऱ्याला दिसत नाही. पास किंवा फेल एवढे कळते. ताईंचा यंदाचा निकाल हे लिहीपर्यंत आलेला नाही.

कागदपत्रांचे दोन शब्द. पासपोर्ट आधी काढून ठेवा. बायांच्या बाबतीत नावाचा घोळ ठरलेला. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, आधारवर सासरचे, बँकेत तिसरेच. ते सगळे सारखे करून घ्यायलाच आम्हाला तीन महिने लागले. व्हिसा शेंगेनचा लागतो. त्याची मोठ्या माणसाची फी ९० युरो, आणि नाकारला तर परत मिळत नाही. तीस हजार युरोंचा प्रवासी आरोग्य विमा लागतो. अर्ज सहा महिन्यांपूर्वीपासून करता येतो, शेवटच्या पंधरा दिवसांत करून भागत नाही. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते. आणि इथेच आमच्या ताईंची फजिती झाली. पासपोर्टच्या वेळी यंत्र त्यांच्या बोटांचे ठसेच घेईना. कळ्या सोलून आणि निंदून बोटांच्या रेषा झिजल्या होत्या. चौथ्या खेपेला उमटले. आता व्हिसाच्या आधी आठ दिवस हाताला खोबरेल लावून ठेवा, असे आमच्या सौ.नी बजावले आहे. माझ्यासारख्या नोकरदाराला खात्याची परवानगीही घ्यावी लागते, ती मिळाली.

बरोबर काय न्यायचे? धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लाडू चालतील. पेढे, तूप, दुधाचे काहीही नको. मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरून न्यायला तिथे बंदी आहे. बी, रोप, ताजे फळ कागदपत्रांशिवाय नेता येत नाही. आणि येताना कुणी प्रेमाने चार दाणे खिशात टाकले तरी घेऊ नका.

आणखी एक अडचण. काचगृहात पूर्वीसारखे सहज शिरता येत नाही. टमाट्यावर फळे तपकिरी आणि खरखरीत करणारा एक नवा विषाणू २०१९ साली हॉलंडात आढळला. तो हाताने, कपड्याने, अवजाराने पसरतो. त्यामुळे पाहुणा म्हटला की ते लोक धास्तावतात. आधी पत्र लिहून परवानगी घ्यावी लागते, हात धुऊन, अंगावर झगा आणि बुटावर पिशव्या चढवूनच आत जाऊ देतात. तंबाखू मळणाऱ्याने तर आधीच विचार करावा. या विषाणूचा जुना भाऊबंद तंबाखूतूनच हाताला लागून झाडावर जातो. आमच्या जाळीतल्या बायांना मिशरी लावू नका म्हणून आपण सांगतो ते यासाठीच. चिखलीच्या भाऊंची पुडी सुटते का, ते मेपर्यंत कळेल.

तिकडे सगळे सोन्याचे आहे असे मात्र मनात धरून जाऊ नका. २०१९च्या मे महिन्यात तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने नत्राच्या प्रदूषणाबद्दल निकाल दिला, जनावरे कमी करण्याची भाषा सुरू झाली, आणि ऑक्टोबरात शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेग शहरावर चालून गेले. राजधानी अ‍ॅमस्टरडॅम असली तरी सरकार बसते ते हेगला. आपल्याकडे शेणखताची मारामार आणि तिथे शेण फार झाले म्हणून भांडण. तेही एखाद्या गोठ्यात बसून ऐकायचे आहे.

एन्कहाउझेनच्या बाजूला तीन ठिकाणी पत्रे पाठविली होती. एका ठिकाणाहून नकार आला, एकाकडून काहीच नाही. तिसऱ्याने लिहिले आहे की या, पण किती जण येणार आणि तुम्हाला काय विचारायचे आहे ते आधी कळवा. म्हणून गेल्या शनिवारी आम्ही आठही जण प्रश्न लिहायला बसलो. कुणी खताचे विचारले, कुणी काचेच्या भाड्याचे. मी माझा विद्यापीठातला प्रश्न चांगल्या इंग्रजीत लिहून नेला होता.

ताई शेवटी बोलल्या. "त्यायला लिहा साहेब, आमचं बी तपासताना आमच्यातली एक बाई तिथं उभी राहिली तं चालन का?"

तो प्रश्न आम्ही पहिल्या क्रमांकावर घातला आहे. पत्र सोमवारी गेले. तुमच्यापैकी बियाण्याचे प्लॉट घेणाऱ्या कुणाला काही विचारायचे असेल तर संपादकांच्या पत्त्यावर एक कार्ड टाका, मे महिन्याच्या आत. वहीत जागा ठेवली आहे.